एकट्याचा धंदा आणि जामिनाची सही

सन २०२४ च्या एप्रिल महिन्यातील एका रविवारी सकाळी एक माजी विद्यार्थी घरी आला. बी. ए. ला अर्थशास्त्र हा त्याचा विषय होता. पुढे त्याने बी. एड. केले, दोन वेळा शिक्षक भरतीची परीक्षा दिली आणि मधल्या काळात घरखर्चास हातभार म्हणून एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात हाताखाली काम केले. आता वय एकोणतिसाचे. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून एक छापील अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. "सर, स्वतःचं दुकान टाकतोय. पतसंस्थेचं दीड लाख कर्ज मिळतंय, पण दोन पगारदार जामीनदार लागतात. एक माझे मामा आहेत. दुसरी सही तुमची पाहिजे."

गेली वीस वर्षे मी तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवीत आलो आहे. उद्योजक हा उत्पादनाचा चौथा घटक होय, धोका पत्करणे हे त्याचे कार्य होय आणि नफा हा त्या धोक्याचा मोबदला होय, ही वाक्ये फळ्यावर किती वेळा लिहिली असतील याची गणती नाही. नोकरीच्या मागे न लागता स्वतःचे काही तरी उभे करा, असा उपदेशही निरोप समारंभांतून केलेला आहे. त्या सकाळी मात्र तो धोका पुस्तकातून उतरून माझ्या टेबलावर येऊन बसला, आणि माझा हात पेनाकडे जाईना. "दोन दिवसांनी सांगतो," एवढेच मी म्हणालो.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण इतकेच की तो माझ्या एकट्याचा नाही. नांदेड-लातूर जिल्ह्यांतील कोणत्याही लहान शहरात पगारदार माणसापुढे असा अर्ज केव्हा ना केव्हा येतोच. शिक्षक, कारकून, ग्रामसेवक ही मंडळी स्वतः सहसा धंदा करीत नाहीत. परंतु गावात नव्याने उघडणाऱ्या अनेक दुकानांच्या पायात त्यांच्या सहीचा एकेक दगड असतो. स्वयंरोजगाराची चर्चा नेहमी शासन, बँक आणि तरुण या तिघांपुरती होते. हा चौथा माणूस त्या चर्चेत कोठेच दिसत नाही.

वडिलांची सही

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९८९ साली त्यांनी एका शेजाऱ्याच्या पिठाच्या गिरणीसाठी जामीन दिला. गिरणी दीड वर्ष चालली. मग शेजारी एका रात्री हैदराबादेस निघून गेला आणि पुढील चार वर्षे वडिलांच्या पगारातून दरमहा कपात होत राहिली. थोरल्या बहिणीचे शिक्षण दहावीवर थांबले त्यामागे ती कपातही होती. शेजाऱ्याविषयी वडील कधी कडवट बोलले नाहीत. "तो चोर नव्हता, त्याला हिशेब येत नव्हता," एवढेच ते म्हणत. अर्ज पाहून पत्नीने मला नेमकी त्याच कपातीची आठवण दिली. "अहो, मामंजींची गोष्ट तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

कायद्याची स्थिती याहून सौम्य नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ अन्वये, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच व्यापक असते. म्हणजे सही ही शिफारस नव्हे. ते स्वतः घेतलेले कर्जच होय. तिकडे धंदा करणाऱ्याचीही स्थिती अशी की, एकल मालकीच्या धंद्याला मालकाहून वेगळे असे कायदेशीर अस्तित्वच नसते. दुकान बुडाले म्हणजे मालक बुडतो. घर, दागिने, शेताचा तुकडा, सारे त्या देण्याला जबाबदार असते. २०१३ च्या कंपनी कायद्याने 'एक व्यक्ती कंपनी' हा मर्यादित जबाबदारीचा मार्ग खुला केला हे खरे. परंतु वार्षिक हिशेबतपासणी, विवरणपत्रे आणि सनदी लेखापालाची फी हा भार वाइंडिंगच्या दुकानाला पेलणारा नाही. आणि पेलला तरी कर्ज देणारा मालकाची वैयक्तिक हमी मागणारच.

पाणक्याही उद्योजकच

पाठ्यपुस्तकांतील उद्योजक म्हणजे टाटा, किर्लोस्कर, गरवारे. परंतु ही संज्ञा अर्थशास्त्रात रुजविणाऱ्या रिचर्ड कँटिलॉनची कल्पना अगदी वेगळी होती. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली प्रसिद्ध झाला. ठराविक किमतीला विकत घेणारा आणि अनिश्चित किमतीला विकणारा तो उद्योजक, अशी त्याची मांडणी आहे. ठरलेले वेतन घेणारे एका बाजूला आणि अनिश्चित उत्पन्नावर जगणारे दुसऱ्या बाजूला, असे समाजाचे दोन भाग त्याने पाडले आणि घरोघर पाणी पोचविणाऱ्या पाणक्यालासुद्धा या दुसऱ्या वर्गात बसविले. त्या व्याख्येने पाहिले तर देगलूरच्या आठवडी बाजारात पहाटे भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई उद्योजक ठरते आणि तिला उद्योजकता शिकविणारा प्राध्यापक ठरत नाही.

ही बाई अपवाद नाही. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लक्ष आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक आस्थापनांत एकही पगारी माणूस नव्हता. मालक आणि फार तर त्याच्या घरची माणसे, एवढाच त्यांचा संसार. आपल्या अर्थव्यवस्थेचा सर्वसाधारण घटक कारखाना हा नसून एका माणसाचे दुकान हा आहे. मात्र 'एका माणसाचे' हा शब्दही जपून वापरावा लागतो. वाइंडिंगवाला तालुक्याला तार आणावयास गेला की गल्ल्यावर त्याची पत्नी बसते. शिंप्याच्या घरी काजबटणे करणाऱ्या हातांची नोंद कोणत्याही वहीत नसते. आकडेवारीत त्यांना घरच्या धंद्यातील बिनपगारी मदतनीस म्हणतात. हिशेबात त्यांना काहीच म्हणत नाहीत.

नफा की मजुरी?

दोन दिवसांनी विद्यार्थी आला तेव्हा मी त्याला अर्ज बाजूस ठेवून कागद-पेन्सिल घेण्यास सांगितले. दीड लाखाचे तो काय करणार होता? काउंटर, काचेचे कपाट, दिव्यांचा फलक, उद्घाटन यांसाठी ६० हजार. यंत्र, मीटर व हत्यारे यांसाठी ९० हजार. तांब्याच्या तारेसाठी? त्याने मान खाली घातली. तार ओळखीच्या दुकानातून उधार मिळेल, असा त्याचा अदमास होता. नवख्या धंदेवाल्याची सर्वांत मोठी चूक येथे होते. सगळे पैसे स्थिर भांडवलात जातात आणि खेळते भांडवल शून्य राहते. दुकान पहिल्या दिवशी देखणे दिसते, दुसऱ्या महिन्यात तारेवाचून थांबते.

त्यानंतर आम्ही एका महिन्याचा काल्पनिक हिशेब मांडला. तो येथे देतो, कारण शिंप्यापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत कोणासही तो थोड्या फरकाने लागू पडेल.

समजा, महिन्यात बारा मोटारी दुरुस्त झाल्या व प्रत्येकीचे बिल ४,००० रुपये झाले. एकूण बिल ४८,०००. त्यात तार व इतर साहित्य २८,८००, दुकानभाडे ३,०००, वीज १,२००, ने-आण व किरकोळ १,०००. एकूण खर्च ३४,०००. शिल्लक १४,०००. धंदेवाला आनंदाने सांगतो, 'चौदा हजार नफा झाला.' वस्तुतः हा नफा नव्हे. हाच कारागीर दुसऱ्याच्या दुकानात राहिला असता तर, समजा, ११,००० रुपये मजुरी मिळाली असती. ती प्रथम वजा करावयास हवी. स्वतःचे ८०,००० रुपये धंद्यात आहेत. ते सात टक्क्यांनी ठेवीत असते तर महिना सुमारे ४६७ रुपये आले असते. यंत्रांची झीज १,०००. ही सारी वजाबाकी झाल्यावर खरा नफा उरतो १,५३३ रुपये. धोका, चिंता, रविवारची सुटी नसणे आणि गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकणे यांचा मोबदला एवढाच. अर्थशास्त्रात यास अप्रकट खर्च म्हणतात. वर्गात त्यावर टीप लिहून घेतली जाते. दुकानात मात्र तो माणसाच्या अंगातून वसूल होतो.

हिशेब येथेच थांबत नाही. या ४८,००० पैकी १६,००० उधारीत राहिले असे धरा. हाती आले ३२,०००, गेले ३४,०००. म्हणजे वहीत चौदा हजारांची शिल्लक आणि गल्ल्यात दोन हजारांची तूट. अजून घरातील धान्य, मुलाची फी आणि कर्जाचा हप्ता बाकीच आहे. धंदा नफ्यात असताना धंदेवाला बुडतो तो असा. शेजाऱ्याच्या गिरणीचे हेच झाले असावे. वडिलांच्या वाक्याचा अर्थ मला त्या कागदावर प्रथम उमगला.

यावर उपाय नवा नाही. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्याची खतावणी या दोन वह्या आपल्या बाजारपेठेस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. दिवाळी पाडव्याला वहीपूजन करणारे जुने अडते त्या वह्यांना देवाइतकेच मानीत. आमच्या भागात तर हैदराबाद संस्थानाचा हाली रुपया आणि ब्रिटिश हद्दीतील कलदार रुपया अशी दोन चलने एकाच बाजारात फिरत. सात हाली म्हणजे सहा कलदार हे प्रमाण व्यापाऱ्याच्या जिभेवर असे. शाळेचे तोंड न पाहिलेली ती माणसे दोन नाण्यांचा मेळ मनातल्या मनात घालीत. आजचा पदवीधर घरचा पैसा आणि दुकानाचा पैसा एकाच खिशात ठेवतो आणि महिनाअखेर तो गेला कोठे हे त्याला सांगता येत नाही. पदवीने त्याला हिशेबाची व्याख्या दिली, सवय दिली नाही. यात आम्हा शिक्षकांचा वाटा आहे, हे नाकारून चालणार नाही.

एकटा, पण कोणाच्या तरी आधाराने

मराठी माणसाच्या उद्योगाचा विषय निघाला की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण येतेच, आणि ते यावयासही हवे. परंतु त्यातील एक तपशील सहसा वगळला जातो. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले तेव्हा लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटशी जोडलेले होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. म्हणजे उद्योगाच्या आरंभी एका भावाचा पगार आणि दुसऱ्या भावाचे श्रम असे दोन टेकू होते. बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली ती हा पाया थोडाफार तयार झाल्यावर.

पुढचा मार्गही सरळ नव्हता. कडबा कापण्याची यंत्रे झाली, मग लोखंडी नांगर झाला. परंतु लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर दीर्घकाळ पडून राहिले. बेळगावातील जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडावी लागली. त्या वेळी औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जागा व साहाय्य देऊ केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. 'एकट्याच्या हिमतीवर' हा शब्दप्रयोग व्याख्यानात शोभतो. इतिहासात मात्र त्या हिमतीमागे कोणाचा तरी पगार, कोणाची तरी जागा आणि कोणाचा तरी विश्वास उभा असल्याचे दिसते. आजच्या तालुक्याच्या गावी संस्थानिक नाहीत. तेथे मामांची आणि सरांची सही आहे, एवढाच फरक.

योजनांची रांग

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७९ साली ग्रामीण युवकांना प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना आली. १९८३ साली सुशिक्षित बेरोजगारांसाठी २५ हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना आली. १९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना आली. २००८ पासून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि २०१५ पासून मुद्रा योजना सुरू आहे. मुद्रेतील 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत व 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते आणि त्यासाठी तारण मागू नये असे धोरण आहे. शिंपी, सुतार, लोहार आदी अठरा परंपरागत व्यवसायांसाठी २०२३ च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेत, १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. नोंदणीचा जाचही पुष्कळ कमी झाला आहे. 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते आणि राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्या दुकानाने केवळ सूचना दिली की पुरते.

मग विद्यार्थी पतसंस्थेकडे का गेला? त्याचे उत्तर सरळ होते. मुद्रेसाठी कोटेशन, प्रकल्प अहवाल आणि वाट पाहण्याची तयारी लागत होती. पतसंस्था आठ दिवसांत पैसे देणार होती. आणि ती आठ दिवसांत देऊ शकत होती, कारण तिला त्याच्या धंद्याची तपासणी करण्याची गरजच नव्हती. तिने तपासली ती माझी पगारपत्रिका. वाइंडिंग चालेल की नाही, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. जामिनाच्या पद्धतीतील मूळ दोष हाच होय. जामीनदार भक्कम असला की धंदा भक्कम आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. ती मग जामीनदाराने स्वतः उचलावयास हवी.

सीमा आणि कर

देगलूरच्या धंद्याला आणखी एक पदर आहे. येथून तेलंगण जवळ, कर्नाटक जवळ. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानाचा एकच बाजार होता. रेल्वे देगलूरला अद्याप आलेली नाही. जे येते-जाते ते नांदेड-हैदराबाद रस्त्याने. पलीकडच्या मदनूरचा शेतकरी जळालेली मोटार घेऊन इकडे येतो, त्यात कोणालाच नवल वाटत नाही.

कायद्याला मात्र ते नवल वाटते. २०१७ च्या जुलैपासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात लहान धंद्यांना सूट आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लक्षांपर्यंत, तर सेवा देणाऱ्याला २० लक्षांपर्यंत नोंदणीची गरज नाही. परंतु करपात्र वस्तू परराज्यात पुरविणाऱ्याला, काही अपवाद सोडता, पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे; ठोक दराने कर भरण्याची सवलतही त्याला मिळत नाही. दुरुस्ती ही सेवा असल्याने तेथे फारसा अडसर नाही आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन रोखीने वस्तू घेऊन गेले तरी सहसा प्रश्न येत नाही. पण याच कारागिराने नवा स्टार्टर किंवा केबल मोटारसायकलवर टाकून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पलीकडच्या गावी पोचती केली की तो आंतरराज्य पुरवठादार होतो. लातूरच्या दुकानदाराला दोनशे किलोमीटरपर्यंत माल पाठविता येतो; देगलूरच्या दुकानदाराला ओढा ओलांडला की कायदा आडवा येतो. सीमेवरच्या तालुक्यांतील लहान धंद्यांना वस्तूंच्या बाबतीतही मर्यादित सूट देता येणार नाही काय, याचा विचार कर परिषदेने करण्यासारखा आहे.

हप्ता आणि हंगाम

अखेर मी सही केली, पण दीड लाखावर नव्हे, ७५ हजारांवर. काउंटर, कपाट आणि उद्घाटन रद्द झाले. अर्ध्या शटरची भाड्याची जागा घेतली. ३५ हजारांची यंत्रे आणि ४० हजार तारेसाठी व गल्ल्यासाठी, अशी वाटणी ठरली. विद्यार्थी नाराज झाला. "सर, दुकान दुकानासारखं दिसायला तर पाहिजे ना?" त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, गिऱ्हाईक देखाव्यालाही भुलते. पण माझी सही तेवढीच होती. कर्ज तीन वर्षांचे, हप्ता महिना सुमारे अडीच हजारांचा. जून महिन्यात दुकान सुरू झाले.

२०२४ च्या सप्टेंबराच्या आरंभी नांदेड, हिंगोली, परभणी भागांत अतिवृष्टी झाली. शेतात पाणी साचले, मोटारी बुडाल्या आणि वाइंडिंगच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, पोराचे नशीब उघडले. परंतु पीक हातचे गेलेल्या शेतकऱ्याजवळ मोटारीचे पैसे नव्हते. ज्यांचे सोयाबीन वाचले त्यांना त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून कमी भाव मिळाला. मागणी होती, क्रयशक्ती नव्हती. केन्सने ज्याला परिणामकारक मागणी म्हटले तिचा अर्थ समजावयास यापेक्षा चांगले उदाहरण मला मिळाले नसते. फक्त त्याची किंमत माझ्या विद्यार्थ्याने मोजली.

नोव्हेंबरात मला पतसंस्थेची नोटीस आली. दोन हप्ते थकले होते. महाविद्यालयाच्या कार्यालयात ती हाती पडली तेव्हा कारकुनाने काही न बोलता पाकीट पुढे सरकविले. त्यानेही अशी पाकिटे पाहिली असावीत. रागाच्या भरात मी दुकानावर गेलो. विद्यार्थी मोटारीच्या पोटात हात घालून बसला होता. त्याने न बोलता खतावणी पुढे केली. चौतीस शेतकऱ्यांकडे मिळून ६१ हजार रुपये येणे होते. प्रत्येकाचे गाव, मोटारीची अश्वशक्ती, तारीख, सारे नीट लिहिलेले. माझा राग तेथेच निवळला. हा माणूस हिशेब ठेवीत होता. त्याचा हिशेब आणि पतसंस्थेचा हिशेब यांचे महिने जुळत नव्हते, एवढेच. एक हप्ता मी भरला. घरी ते सांगितले नाही. पावती मात्र सदऱ्याच्या खिशात सापडली आणि जे ऐकावयाचे ते ऐकून घेतले.

या साऱ्या अनुभवातून मला एक गोष्ट प्रकर्षाने मांडावीशी वाटते. मासिक हप्ता ही पगारदार माणसाच्या सोयीची कल्पना आहे. ज्याला एक तारखेला पगार मिळतो त्याने पाच तारखेला हप्ता द्यावा, हे ठीक. परंतु ज्याचे गिऱ्हाईक शेतकरी आहे त्याचे उत्पन्नही शेतीच्याच लयीने येते: मूग-उडदाचे थोडे, ऑक्टोबरनंतर सोयाबीन-कापसाचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर-हरभऱ्याचे. पीककर्जाची परतफेड हंगामाला बांधलेली असते, कारण शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामी आहे हे बँकिंगने मान्य केले आहे. शेतकऱ्यावर जगणाऱ्या लोहाराचे, वाइंडिंगवाल्याचे, शिंप्याचे उत्पन्नही तितकेच हंगामी आहे, हे मात्र मान्य झालेले नाही. वर्षाची एकूण रक्कम तीच ठेवून हंगामात मोठे आणि पावसाळ्यात लहान हप्ते बांधून दिले तर कर्जदाराचे पाऊल सावरेल आणि थकबाकीचा डागही टळेल. मी हे पतसंस्थेत बोलून पाहिले. संगणकात तशी सोय नाही, असे उत्तर मिळाले. संगणकात सोय माणसेच करतात. ज्यांच्या ठेवींवर या संस्था चालतात ते सभासद, म्हणजे पुन्हा आपण शिक्षक-कारकूनच, वार्षिक सभेत उठून ही मागणी करू शकतो.

दुसरी गोष्ट एकट्याच्या शरीराची. एकट्याच्या दुकानात मालक आजारी पडला की दुकान आजारी पडते. त्याला रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँक खात्यातून मिळतो. विजेशी खेळणाऱ्या या कारागिराने तो घेतला नव्हता. जामीनदाराने सही करण्यापूर्वी हा फॉर्म भरून घ्यावा. त्यात माया आहे आणि स्वार्थही आहे.

सहीपूर्वी

मार्च २०२५ मध्ये तूर-हरभऱ्याबरोबर उधारीही बरीचशी उतरली आणि थकलेला हप्ता भरला गेला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यावर पुन्हा, आणि अधिक भीषण, अतिवृष्टी कोसळली. या खेपेस दुकानात एक पाटी लागलेली होती: 'तारेचे पैसे अगोदर, मजुरी सुगीला.' साहित्याचा खर्च रोख आणि स्वतःच्या श्रमाचे तेवढे उधार, असा हा नियम त्याने स्वतःच शोधून काढला होता. कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो नाही आणि मी तो शिकविलेला नाही. काही नातलग रुसले, काही गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानात गेली. हप्ता त्या वर्षीही एकदा मागे पडला. पण या वेळी नोटिशीआधी तो स्वतः येऊन सांगून गेला.

कर्ज अजून फिटलेले नाही. पुढचा पावसाळा कसा जाईल, हे मला सांगता येणार नाही, आणि कँटिलॉनच्या व्याख्येप्रमाणे ते माहीत नसणे हाच या धंद्याचा धर्म आहे. तो शिक्षक भरतीचा अर्ज पुन्हा भरणार का, असे मी एकदा विचारले. तो हसला आणि म्हणाला, "भरतो सर. पण दुकान बंद करून परीक्षेला जायला आता जिवावर येतं."

सर्वांनी जामीन द्यावा असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी वडिलांसारखी कपात परवडणारी नाही त्याने स्पष्टपणे नाही म्हणावे, त्यात कमीपणा नाही. भिडेखातर केलेली सही आणि भीतीपोटी नाकारलेली सही, या दोन्हींत धंद्याचा विचार नसतो. परंतु सही करावयाचीच असेल तर प्रथम हिशेब मागावा, रक्कम गरजेइतकी करावी, आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून वही पाहावी. वडिलांनी सही केली आणि विश्वास ठेवला. गिरणीची वही त्यांनी कधी मागितली असती तर शेजाऱ्याला गाव सोडावे लागले नसते, असे आता वाटते.